सईनं मला फाटकापर्यंत पळवलं

मित्रांनो, माझी दहा वर्षांची लेक सई अन् मी सध्या एक जुनी अमेरिकन कादंबरी वाचतोय. काळ्या माणसांवरचा अन्याय बघत त्यातली छोटी मुलगी शहाणी होत जाते.

आज वाळूजला कामाला असलेलं एक जोडपं आमची वरची खोली भाड्यानं बघायला आलं. आडनाव कळल्यावर मी म्हणालो, "खोली कालच गेली." ते निघाले.

सई म्हणाली, "बाबा, खोली तर रिकामीच आहे. पुस्तकातले लोक असंच करतात ना?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पळत फाटकाशी गेलो, खोटं बोललो म्हणून माफी मागितली, किल्ली पुढं केली.

त्या ताई म्हणाल्या, "लेक चांगली आहे तुमची. खोलीचं विचार करून सांगतो."

पुस्तक दोघं वाचतोय, पण उमगलं तिला. तुमच्या लेकरांनी तुम्हाला असं कधी थांबवलंय का?