काळी जीभ आणि उजवा गुडघा

१८ नोव्हेंबर. मोड आलेले वाल सोलत बसले होते, कारण ऑपरेशनआधीचं शेवटचं जेवण डाळिंब्यांचं हवं, असं सासूबाईंनी ठरवलं होतं. ‘शेवटचं’ हा शब्द त्यांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याला त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. याआधी दोनदा त्यांनी ऐनवेळी माघार घेतली होती; एकदा सर्दी, एकदा अमावास्या. आम्ही ठाकुर्लीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट बहुतेक बंदच. त्या कित्येक महिने खाली उतरलेल्या नव्हत्या.

माझ्या सुजलेल्या दाढेसाठीचा अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच संपला होता. दाढ बरी झाली, जीभ काळी पडली. नुसती काळी नाही, पायपुसण्यासारखी केसाळ. दाताच्या डॉक्टरीणबाई खूश झाल्या. पुस्तकात वाचलेलं त्यांना पहिल्यांदाच बघायला मिळालं होतं. या औषधांनी क्वचित कुणाला असं होतं, घाबरू नका, मऊ ब्रशने जीभ घासत राहा, म्हणाल्या. आणि फोटो काढून घेतला.

वाल सोलता सोलता सासूबाईंनी परत विचारलं, पुढच्या महिन्यात केलं तर? मी वैतागले.

“तुम्ही काही याही वेळी ऑपरेशन करून घेणार नाही.”

तोंड जरा जास्तच उघडलं असावं. त्यांना जीभ दिसली. काळ्या जिभेच्या माणसाचं बोलणं खरं होतं, हे त्या आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवूनही मानतात. उठून त्यांनी हॉस्पिटलसाठी भरलेल्या बॅगेतला टॉवेल परत कपाटात ठेवला.

“आता तू बोललीस ना. संपलं.”

मी औषधाचं सगळं समजावलं. त्यांना ते पटलंही. पण औषधाने झाली काय नि जन्माची असली काय, काळी ती काळीच. मी ब्रश आणायला उठले तर त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता. मी परत बसले.

“उद्या तुमचं ऑपरेशन नीट होईल.”

“कुठल्या गुडघ्याचं?”

“उजव्या.”

“अगं, सगळं एका वाक्यात म्हण. आणि मी जिने चढेन, तेही घाल.”

म्हटलं. नवरा दारातून म्हणाला, “बोलतेच आहेस तर लिफ्टचंही बोलून टाक.”

टॉवेल बॅगेत गेला. मात्र त्यांना ऑपरेशनसाठी आत नेईपर्यंत जिभेला ब्रश लावायचा नाही, अशी अट पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची व्हीलचेअर आत गेली, दार लागलं. मी पर्समधला ब्रश काढून बेसिन गाठलं आणि जीभ बाहेर काढून घासायला लागले. शेजारी हात धुणारी नर्स दोन पावलं मागे सरकली.