टोपलीतून आलेलं लिंबू

नेपल्स बंदरात जहाज संध्याकाळपर्यंतच थांबणार होतं. पाँपेईचे अवशेष बघणं आम्ही मुद्दाम टाळलं. चार वर्षांच्या मुक्ताला आणि बाबागाडीतल्या धाकट्याला घेऊन उन्हात कोण वणवण करणार? बंदराजवळच्या गल्लीतच रमतगमत हिंडत होतो. एका खिडकीतून आजीबाईंनी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. पाववाल्यानं तिच्यात पाव ठेवला. मुक्तानं आपला राजगिऱ्याचा लाडूही ठेवून दिला.

"अगं, उष्टा आहे तो!" बायको ओरडेपर्यंत टोपली वर पोचली होती.

आजीबाईंनी लाडू हुंगला, खाल्ला. टोपली पुन्हा खाली आली, तिच्यात पानासकट एक लिंबू होतं.

आपण गाव बघायला जातो. मुलं थेट कुणाच्या तरी घरी जातात.

जहाजावर शेजाऱ्यांनी विचारलं, "काय, पाँपेई पाहिलंत?"

मुक्तानं लिंबू त्यांच्या नाकाशी धरलं. "आजीनं दिलंय."