टचिंगमामांचा उलटा हात

आमच्या रस्त्यावरच्या वकिलाला हनुवटी एकच आहे, असं त्याची बायको लग्नाआधी मैत्रिणींना छातीठोक सांगायची. दोन आहेत हे लग्नानंतर कळलं. लग्न जमवायला पाठवलेल्या फोटोतली दुसरी हनुवटी टचिंगमामांनी गिळली होती. तसं बघायला गेलं तर इथल्या निम्म्या संसारांचं पाप मामांच्याच माथी आहे, पण माणूस इतका गरीब, की कुणी जाब विचारला नाही.

मामा म्हणजे कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओतले टचिंग करणारे, फोटोतल्या चेहऱ्याचे डाग-सुरकुत्या घालवणारे. चाळीस वर्षं एक खिडकी, एक खुर्ची. समोर तिरकी काच, काचेवर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि हातात सँडपेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल. लग्न केलं नाही. घरी फक्त थोरली बहीण अक्का आणि तिची जीभ. त्यामुळे मामांना घराची ओढ कमी आणि खुर्चीची जास्त. सुट्टीच्या दिवशीसुद्धा स्टुडिओच्या काचेतून खुर्ची जागेवर आहे ना हे बघून जायचे, असं शेजारचा सोनार सांगतो. सोनार वाढवून सांगतो, पण साफ खोटं बोलत नाही.

मालक गेले आणि स्टुडिओ त्यांच्या सुनेच्या हाती आला. निगेटिव्ह केव्हाच बंद झालेल्या. मामा लोकांचे जुने, चिरलेले फोटो ब्रशनं सांधत दिवस काढत होते, आणि तेही आता महिन्याला दोनतीनच यायचे. सूनबाई आडपडदा न ठेवता बोलणारी. म्हणाली, "मामा, महिनाभर कॉम्प्युटरवर टचिंग शिका. मी शिकवते. जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं, तर मला त्या जागी मोठा प्रिंटर बसवायचाय." मामांनी मान हलवली. घरी अक्कानं हे ऐकून विचारलं, की दिवसभर तू घरात बसणार असलास तर मी कुठं जाऊ?

पहिल्या दिवशी माउस. तो सरकवत सरकवत मामा टेबलाच्या कडेला पोचले आणि टेबल मोठं मिळेल का असं त्यांनी विचारलं. माउस उचलून परत मागे ठेवायचा असतो, हे त्यांना पटायला सकाळ गेली. मग डावीकडची पट्टी. तिच्यात बारीक बारीक चित्रं, एकेक हत्यार. मामांनी वही काढून चित्रं उतरवली आणि स्वतःची नावं दिली: फास, शिक्का, मलमपट्टी, बादली, कात्री. उजवीकडे थर. सूनबाईनं समजावलं, की ही काचेवर काच ठेवल्यासारखी गंमत आहे, वरच्या काचेवर काहीही रंगवा, खालचा फोटो शाबूत. हे त्यांना चटकन कळलं. तरी ते रंगवायचे थेट खालच्या फोटोवरच. वरवरचं काम आपण कधी केलं नाही म्हणाले.

चूक मागे घेण्याचं बटण तर त्यांना अपमानच वाटला. चूक नाहीशी होत असेल तर हाताला अक्कल कधी यायची, हा त्यांचा सवाल. सूनबाई हसली. मामा हसले नाहीत.

एका दुपारी ती जेवायला गेली असताना त्यांचं बोट कुठल्याशा कळीवर पडलं आणि पट्टी, थर, सगळं गायब. उरला नुसता फोटो. मामा हात मांडीवर घेऊन तासभर तसेच बसून राहिले. ती परत आल्यावर हळूच म्हणाले, "माझ्याकडून दुकान पुसलं गेलं." तिनं तीच कळ पुन्हा दाबली, आणि सगळं जागच्या जागी. त्या दिवशी मामांनी डबा उघडला नाही.

पण खरी गोम वेगळीच होती. सराव म्हणून सूनबाईनं एका आजीबाईंचा फोटो दिला, डोळ्यांखालच्या सुरकुत्या हलक्या करा म्हणून. मामांनी दोन तास घालवले. बघते तर आजीबाई आणखी वीस वर्षांनी म्हाताऱ्या. पुन्हा करायला लावलं, तर पणजी झाल्या. हा काय प्रकार, हे आधी मामांनाच उमगेना. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. सुरकुती तिथं फिकी रेघ असते. तिच्यावर पेन्सिलीनं काळं भरलं, की छापील फोटोत ती उजळते. चाळीस वर्षं हा हात काळं भरून चेहरे उजळत आला होता. डोक्याला सांगितलेलं डोकं ऐकायचं, हात ऐकत नव्हता.

तीन आठवडे संपले. सोनारानं बाहेर पैजा लावल्या. मीही लावली, कुणाच्या बाजूनं ते विचारू नका.

मग मामांनी मेनू वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचायला घेतला, आणि एका ओळीवर थबकले. ती दाबताच आजीबाईंचा चेहरा निळा झाला, केस काळे, दात काळे. मामा खुर्चीत ताठ झाले. ही निगेटिव्ह होती. त्यांनी फिक्या रेघांवर गडद रंग भरत आणला, मग तीच ओळ पुन्हा दाबली. आजीबाई सुलट झाल्या, आणि सुरकुत्या अशा निवल्या होत्या, जणू रात्रभर छान झोप लागलीय. सूनबाई खुर्ची ओढून जवळ बसली. असं करता येतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

परीक्षेला फोटो होता शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. बाई निवृत्त होत होत्या, तसबीर शाळेच्या हॉलमध्ये लागायची होती. मामांनी दोन दिवस घेतले. सूनबाईनंही एक प्रत केली: चेहरा आपोआप साफ करणारी एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवली, चार मिनिटं. मग दोन्ही काउंटरवर मांडून म्हणाली, बाईच निवडतील. तिनं मुद्दाम केलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. मामांचंच निवडतील अशी तिला खात्री होती.

सूनबाईच्या फोटोत चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत. मामांच्या फोटोत चाळीस वर्षांचा धाक तसाच, फक्त थकवा काढलेला. मुख्याध्यापिकांनी चष्मा लावून दोन्ही पाहिले आणि बटाटा उचलला.

"ह्यात मी छान दिसते," म्हणाल्या. "त्या दुसऱ्यात मी आहे तशीच दिसतेय. ते काय, रोज आरशात बघतेच."

त्या गेल्यावर सूनबाई काही बोलणार, तेवढ्यात मामांनीच ती पट्टी दाखव म्हणून सांगितलं. तिनं दाखवली. मामांनी सरकवली. पहिल्याच फटक्यात जमली. महिनाभर ज्याच्याशी झटत होते ते एका मिनिटात झालं. त्यांनी पट्टी परत मागे आणली आणि विचारलं, "एवढंच असेल तर माणूस कशाला लागतो?"

मामांनी वही टेबलावरच ठेवली, पेन्सिली तेवढ्या रुमालात बांधल्या आणि घरी गेले. दोन दिवसांनी प्रिंटर आला. तिनं तीनदा निरोप धाडला, निदान पाकिटं भरायला या म्हणून. मामा गेले नाहीत.

आता दिवसभर ते अक्काच्या ओट्यावर असतात. अक्का तोंडाचा पट्टा चालवते, ते ऐकतात. परवा मी एक जुनी निगेटिव्ह शोधून मुद्दाम घेऊन गेलो. म्हटलं, मामा, माझ्या नाकाचं काही करता आलं तर बघा, हे घेऊन वर जायचं म्हणजे लाज वाटते. त्यांनी ती उजेडात धरली, बराच वेळ बघितली, आणि परत दिली.

"राहू दे. आता बोटं थरथरतात," म्हणाले.

मी बोटांकडेच बघत होतो. अजिबात थरथरत नव्हती.