दुप्पट ताकदीचं इंजिन आणि रिठदची पांदण

जीपचं मूळ इंजिन काढून दुप्पट ताकदीचं बसवलं, त्याला तीन महिने झाले होते. ऑफरोडिंगच्या ग्रुपवर मी त्याचे व्हिडिओ टाकत सुटलो होतो. एका मित्राने तेवढं लिहिलं, "मूळचंच नीट ट्यून केलं असतंस तर? रिठदच्या शोभाताईंची जीप बघून ये." मला ते झोंबलं. शनिवारी पहाटेच पुणं सोडलं.

समृद्धी महामार्गावरून मेहकरला उतरायचं, मग रिसोडमार्गे वाशिम. मुक्काम वाशिमला केला. लॉज साधं, पण स्वच्छ. सकाळी रिठद गाठलं. शोभाताई गावाबाहेर भाजीपाला पिकवतात. त्यांच्या मळ्यात जायला दोन शेतांच्या धुऱ्यांमधली, म्हणजे बांधांमधली, अरुंद पांदण आहे. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलेला, माती काळी. मी जोरात घुसलो आणि शंभर पावलांवर पुढची चाकं रुतली. जितका जोर दिला तितका खोल गेलो.

समोरून वांग्यांचे क्रेट भरलेली जुनी जीप आली. चालवत होत्या पन्नाशीच्या शोभाताईच.

"भाऊ, कायले दाबून राह्यले? पाय काढा. मले बाजार गाठाचा हाये."

त्या दोर काढू लागल्या तसा मी वरमलो. "क्रेट उतरवू का? तुमची गाडी हलकी होईल."

"राहू द्या. मांगं वजन हाये म्हणून चाकं धरतात. तुमचं सारं वजन नाकात."

माझ्या टायरची हवा त्यांनी कमी करायला लावली, दोर बांधला आणि रिव्हर्स टाकला. त्यांचं इंजिन ओरडलंसुद्धा नाही. संथ धडधडत त्यांनी मला रुंद जागेपर्यंत ओढून काढलं आणि बाजूने निघून गेल्या. वांगी वेळेत पोचली.

दुपारी बाजारातून परतल्यावर त्यांनी मला भरीत-भाकर खाऊ घातली. असं भरीत मी आजवर खाल्लेलं नाही. मग आपल्या जीपचं बॉनेट उघडलं. सासऱ्यांना विहिरीवरचं डिझेल इंजिन खोलताना पाहून त्या शिकल्या. डिझेल पंप, नोझल, ढिले झाले की टकटकणारे टॅपिट, सगळं स्वतः लावतात.

"इंजिन बदलाले लय जण सांगत होते," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, हे तं आधी पुरं कळू द्या."

"मग मी बदललं ते चुकलं?"

"चुकलं नाही. पण जुनं कधी खोलून पाह्यलं होतं का?"

परतीच्या वाटेवर शिरपूर जैनचं जुनं मंदिर पाहिलं. तिथल्या गारव्यातही तोच प्रश्न सोबत होता.

घरी आल्यावर पुढच्या रविवारी गॅरेजवाल्याला न बोलावता टॅपिट स्वतः सेट केले. चार तास लागले, नखं काळी झाली. इंजिन सुरू करून शोभाताईंना फोन लावला आणि आवाज ऐकवला.

"एक टॅपिट अजून वाजून राह्यला, भाऊ. पुन्हा खोला."

मी हसत पाना उचलला.