काकींच्या फोनाचा आवाज

भजनी मंडळात एक अभंग पाठ व्हायला महिना लागतो. किस्सा मात्र एकदा कानावर पडला की जन्मभर पाठ! आमच्या महिला मंडळाच्या वहीत अभंग आहेत पन्नासेक. वहीत न लिहिलेले किस्से त्याच्या दुप्पट तरी असतील, आणि त्यातले निम्मे गेल्या दीड महिन्यातले आहेत. कारण एकच. शालिनीकाकींना नवा फोन घ्यायचा होता.

आमचा गाव साखळीपासून बसनं पंधरा मिनिटांवर. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही आठ जणी देवळाच्या चौकात भजनाला बसतो. शालिनीकाकी पेटी वाजवतात आणि मुख्य गातात, गेली बावीस वर्षं. रत्ना पखवाज वाजवते. मी टाळ कुटते. वाजवते म्हणायची माझी हिंमत नाही. सुषमा गेल्या वर्षी लग्न होऊन गावात आली. ती मागे साथीला बसते आणि फोनमधलं सगळं आपल्याला कळतं असं सांगते.

आता भजनाला फोन कशाला? तर मंडळाचा तानपुरा काकींच्या फोनात आहे. अ‍ॅप लावायचं, फोन पेटीवर ठेवायचा, की सूर सुरू. आम्हाला शिकवणारे बुवा नव्या चाली पाठवतात त्याही फोनवरच. म्हणजे फोन गेला की तानपुरा गेला, आणि बुवाही गेले!

तालुक्याची स्पर्धा दीड महिन्यावर आली, तेव्हा काकींनी एका गुरुवारी पेटीचा भाता मिटला आणि जाहीर केलं, "माज्या फोनाचो आवाज बसलो. नवो घेतल्याबगर माका गावंक जमाचा नाय. यंदा दुसरी कोण ती बघा."

दुसरी कोण नव्हतीच. मी गायले तर परीक्षक घरी जातील. रत्ना गायली तर आम्हीच जाऊ. काकी बसल्या नाहीत तर मंडळ स्पर्धेतून बाद, हे आठही जणींना कळत होतं.

*

पहिल्यांदा वाटलं, त्यात काय एवढं? आठ जणींकडे आठ फोन आहेत. रत्नानं लगेच आपला काढून पेटीवर ठेवला, तानपुरा लावला.

काकींनी डोळे मिटले, आलाप घेतला, आणि तानपुरा बंद पडून फोन वाजायला लागला. सुषमानं घाबरून नको ते बटण दाबलं. स्पीकर सुरूच होता. सगळ्या चौकात, देवीसमोर, रत्नाच्या नवऱ्याचा आवाज घुमला.

"अगो, सुंगटां खंय ठेवलंस? मांजर वास घेत फिरता!"

सुंगटां म्हणजे कोळंबी! त्या दिवशी बुधवार असता तर चाललं असतं, पण गुरुवार, आणि रत्नाच्या घरी गुरुवार पाळतात असं रत्नाच सगळ्या गावाला सांगत फिरते!

काकींनी फोन उचलून तिच्या ओटीत ठेवला. "दुसऱ्याच्या फोनार माका गावचा नाय. स्पर्धेत कोणाच्या घोवाक भूक लागली तर?"

*

बुवांबद्दल सांगायला हवं. बुवा राहतात तेरेखोलला, पार दुसऱ्या टोकाला, नदीपलीकडे. इकडे यायचं तर फेरीबोट, मग दोन बस. म्हणून ते चाल गाऊन रेकॉर्ड करतात आणि पाठवतात. काकी ती दहा वेळा ऐकतात आणि जशीच्या तशी उचलतात. काकींचा कान म्हणजे काय विचारता! पेटीच्या एका स्वरात केसाएवढा फरक पडला तरी त्या थांबायच्या.

तीन वर्षांपूर्वी बुवांनी एक चाल पाठवली. त्यात दुसऱ्या ओळीनंतर बुवा चार मात्रा गप्प बसत आणि मग एकदम वरच्या स्वरात उठत. काकी म्हणाल्या, "हीच खरी जागा. हंय थांबूक होया." आम्ही थांबायला शिकलो. आठ जणींनी एकदम गप्प बसायचं, हे आमच्यासाठी किती कठीण ते तुम्हाला कळणार नाही!

स्पर्धेत परीक्षकांनी त्या जागेचं खास कौतुक केलं. "असा विराम फार थोड्यांना साधतो," म्हणाले. दुसरं बक्षीस मिळालं.

बुवांनी नंतर ते ऐकलं आणि गोंधळून मला फोन केला. "अहो, तिथं थांबलात कशाला?"

"तुम्हीच थांबलात!"

"बाये, मी फेरीबोटीत होतो. धक्को इलो म्हणून उतरलो!"

*

काकींचं बजेट दहा हजार. काजूच्या बियांचे पैसे, त्याच्यावर एक पैसा नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. सुषमानं यादी करायला घेतली. पहिल्या दिवशी यादीत पाच फोन होते, चौथ्या दिवशी सतरा. यादी कमी करायला म्हणून ती रोज दोन व्हिडिओ बघायची, आणि प्रत्येक व्हिडिओत आधीचा फोन कसा टाकाऊ ते सांगून तीन नवे दाखवायचे.

शेवटी आम्ही चौघी, काकी, रत्ना, सुषमा आणि मी, साखळीला एका दुकानात गेलो. दुकानदार गोड माणूस. त्यानं दहा हजारांचा फोन काढला. "चांगलो आसा काकी. पण हजारभर वाढयलात तर ह्येच्यात कॅमेरो बरो." मग कॅमेरा बरा असलेला दाखवला. त्याच्यावर दीड हजार घातले की बॅटरी दोन दिवस. त्याच्यावर थोडे घातले की स्क्रीन फुटत नाही. प्रत्येक वेळी त्याचं म्हणणं इतकं पटायचं की आम्ही माना डोलवत होतो. अर्ध्या तासानं माझ्या हातात एक फोन होता, मी सहज किंमत विचारली. बेचाळीस हजार!

चौघी एकमेकींकडे बघत राहिलो. इथपर्यंत आलो कशा तेच कळेना.

"चोर्ल्याचो घाट चढलंव आमी," काकी म्हणाल्या. "बाबा, आता हळूहळू खाली हाड."

*

खाली आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. दुकानदार सांगत होता रॅम, सुषमा सांगत होती प्रोसेसर, आणि काकी म्हणाल्या, "ता सगळा असूं दी. तानपुरो लाव."

दुकानदाराला वाटलं थट्टा आहे. पण सुषमानं खरोखरच काउंटरवर सहा फोन ओळीनं मांडले आणि सगळ्यांत तानपुरा लावला. काकी एकेकाला कान लावत पुढं सरकत होत्या आणि नापास करत होत्या. हा बारीक. हा दबलेला. हा घशातून बोलतो.

रत्नाचं डोकं तापलं. "काकी, अ‍ॅप एकच, तानपुरो एकच, सूर येगळो कसो होतलो?"

"भांडा बदल्ला की डाळीची चव बदलता गो."

"डाळ तीच आसता!"

या दोघींचं वीस वर्षांत कशावरही एकमत झालेलं नाही. तिथंही झालं नाही. भांडणात दुकानदारानं हळूच विचारलं, "आवाज मोठो करू?" आणि सगळे फोन पूर्ण आवाजात सोडले. सहा तानपुरे! दुकान नुसतं घुमायला लागलं. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ चार्जर घ्यायला आले. त्यांनी आत बघितलं, दारातच चपला काढल्या, आणि हात जोडून एका कोपऱ्यात उभे राहिले.

काकींनी सहाही नापास केले.

*

मग माझ्या नवऱ्यानं सुचवलं, जुना देऊन नवा घ्या, तेवढेच पैसे सुटतील. एका अ‍ॅपवर जुन्या फोनाची माहिती भरायची होती. मी काकींच्या पडवीत बसून प्रश्न वाचत होते, काकी उत्तरं देत होत्या.

"काकी, फोन कधी पडलाय?"

"तीनदां. एकदां नातवाच्या बारशाक, एकदां न्हाणयेत, एकदां शेणात."

"शेण विचारत नाहीत काकी."

"तरी बरंय. देवाक सगळा कळता."

प्रत्येक उत्तरासरशी किंमत उतरत होती. शेवटी ती फोनाच्या कव्हराएवढी झाली! मग प्रश्न आला, स्पीकर चालतो का? काकी म्हणाल्या, नाही. मी 'नाही' दाबलं. तर अ‍ॅप म्हणालं, थांबा, आम्हीच तपासतो. त्यानं कसलीशी शिट्टी वाजवली, स्वतःच ऐकली, आणि हिरव्या अक्षरात लिहिलं की स्पीकर उत्तम आहे.

शिट्टी मलाही ऐकू आली होती. चांगली खणखणीत. मी काकींकडे बघितलं. त्या स्क्रीनकडे बघत होत्या, वाजायची वाट बघत असल्यासारख्या.

"खोटा बोलता तो फोन," काकी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी गोंधळले. शिट्टी वेगळी आणि तानपुरा वेगळा, असं मनाशी म्हटलं आणि विषय सोडून दिला. आता वाटतं, मी तेव्हाच नीट विचार करायला हवा होता.

*

यादीत अखेर दोन फोन उरले. एकाचा स्पीकर मोठा, दुसऱ्याची बॅटरी मोठी. घरात दोन मतं, मंडळात आठ. मग काकींनी तेच केलं जे गावात लग्न, जमीन आणि ऑपरेशन यासाठी करतात. देवीला कौल लावला!

भटांनी देवीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर स्पीकर, डावी पडली तर बॅटरी. भटांनी गाऱ्हाणं घातलं, फोनाची नावंही घेतली, मॉडेल नंबरासकट. आम्ही हात जोडून उभ्या. दहा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. ना उजवी हलली, ना डावी. सव्वा तासानं भटांच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

"काकी," ते म्हणाले, "देवीन फोन कधी वापरूकच नाय. ती तरी काय सांगतली?"

काकींना ते पटलं. "मग तुजो खंयचो?"

भटांनी सोवळ्याच्या कनवटीचा फोन काढून दाखवला. अगदी तोच, मोठ्या स्पीकरवाला! काकींनी कपाळाला हात लावला, देवीला नमस्कार केला. कौल मिळाला म्हणून रत्नानं घंटाही वाजवली.

"माजो घेव नकात हां," भट म्हणाले. "मेलो सारको हँग जाता."

*

स्पर्धेला आठ दिवस राहिले. काकी तालमीला येईनाशा झाल्या. गुरुवारी पेटीवर झाकण तसंच, आणि आम्ही सात जणी गप्पा मारत बसलेल्या. गप्पांनाही चव नव्हती. मला तर रडू येत होतं. बावीस वर्षांचं मंडळ एका फोनापायी मोडायचं म्हणजे काय?

शेवटी रत्ना म्हणाली, नवा नाही ठरत तर जुनाच दुरुस्त करू. काकींना जवळजवळ उचलूनच आम्ही तिघी साखळीला घेऊन गेलो. बाजारात एक फोन दुरुस्त करणारा बसतो, पानाच्या गादीएवढं दुकान. त्यानं फोन उघडला, ब्रशनं साफ केला, सुईनं काहीतरी टोचलं, परत मिटला. डोळ्याचं भिंग काढलं.

"काकी, ह्येका काय एक झालेला नाय. स्पीकर फस्टक्लास आसा."

"तानपुरो लावन दाखय," काकी म्हणाल्या.

त्यानं लावला. आवाज पूर्ण केला. शेजारच्या फुलवालीनं वळून बघितलं इतका स्वच्छ, भरलेला तानपुरा! काकींनी फोन उचलला, नेहमीसारखा डाव्या कानाला लावला आणि डोळे मिटले. मग उघडले.

"लाव मरे."

"लावलो काकी. वाजता."

तानपुरा वाजतच होता. सुषमा माझ्याकडे बघत होती, मी रत्नाकडे. काकी आमच्या एकेकीच्या तोंडाकडे बघत होत्या.

रत्नानं हात पुढं केला. काकींच्या हातातून फोन घेतला आणि आपल्या कानाला लावला.

"खंय वाजता?" ती दुरुस्तीवाल्यावर ओरडली. "आवाजच नाय! काकी म्हणता ता बरोबर आसा."

तिनं फोन माझ्याकडे दिला. मी कानाला लावला. सूर थेट मस्तकात गेला. "नाही गो," मी म्हटलं. "काही नाही." मग सुषमानं घेतला. "बंदच आहे," ती म्हणाली, आणि पदरानं नाक पुसलं.

दुरुस्तीवाल्यानं तोंड उघडलं. "अहो, पण हो तर..." रत्नानं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं भिंग परत डोळ्याला लावलं. "आसतला," तो पुटपुटला. "जुनो मॉडेल. आसतला."

काकींनी सुषमाच्या हातून फोन घेतला. रुमालात गुंडाळला, पर्सच्या आतल्या कप्प्यात घातला, चेन ओढली. मग रत्नाचा हात धरून त्या पायरी उतरल्या.

"नवो फोन नाका माका," त्या म्हणाल्या. "उद्या सांजे सगळ्यांका तालमीक बोलय. आणि रत्ना, स्पर्धेक तू माज्या उजव्या कानाकडे बस."