दान नव्हे, वानोळा

वच्छलाबाई जीवराम भोळे. जन्म असोदा, १९२६; मृत्यू पिंप्राळा, जळगाव, १९९६. शिक्षण इयत्ता दुसरी. पद, पुरस्कार किंवा सत्कार यांपैकी काही नाही. एक सत्कार ठरला होता, तो त्यांनी होऊ दिला नाही.

पती निवर्तल्यावर १९८१ साली त्या मुलाकडे, रुपचंदकडे, आमच्या वसाहतीत राहावयास आल्या. मी त्या वेळी शाळेत मास्तर आणि गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस होतो. वसाहतीच्या मध्यभागी संस्थेची आठ गुंठे मोकळी जागा होती. तीत बाभळी आणि बांधकामाचा राडारोडा यांखेरीज काही नव्हते. वच्छलाबाईंनी कोणाचीही परवानगी न घेता ती साफ करून वाफे पाडले. मी नियमानुसार लेखी नोटीस दिली. त्यांनी तिची पुडी करून मेथीचे बी बांधले.

हातपंपावरून बादल्या वाहून त्यांनी भरताची हिरवी वांगी, मेथी, गिलकी पिकवली. दर रविवारी सकाळी टोपल्या निघत. आमच्या अठरा बंगल्यांत आणि कुंपणभिंतीमागे राहणाऱ्या, जिनिंग कारखान्यात कापूस निवडणाऱ्या बायकांच्या घरी. वाटा सर्वांना सारखा.

जानेवारी १९८८ च्या सभेत अध्यक्ष रतिलालभाऊ यांनी प्रस्ताव मांडला. गृहस्थ वाईट नव्हते, परंतु त्यांना समारंभाची हौस होती. संस्थेने वच्छलाबाईंना नळ द्यावा. त्या बदल्यात प्रजासत्ताक दिनी भिंतीमागच्या बायकांना रांगेत उभे करून पाहुण्यांच्या हस्ते भाजी वाटावी आणि वच्छलाबाईंचा सत्कार करावा. संमतिपत्रावर त्यांनी सही न केल्यास त्या जागेवर स्कूटरसाठी शेड बांधावी.

संमतिपत्राचा मसुदा माझा होता. वच्छलाबाईंच्या सूनबाई लताबाई यांनी तो वाचून दाखवला : ‘सदर भाजीपाला गरीब भगिनींस दान...’

वच्छलाबाईंनी हात वर केला. “मास्तर, हा शब्द कोन्ही लिहिला?”

“मी.”

“खोडा. हा वानोया हाये.”

शेतातले नवे पीक आप्तांच्या व शेजाऱ्यांच्या घरी पाठवावयाचे, तो वानोळा. त्यांच्या असोद्याच्या बोलीत वानोया.

“अहो अक्का,” रतिलालभाऊ हसले, “देणं ते देणंच. नाव काही का असेना.”

“मंग तुमच्या घरी दर रविवारी वांगे येता, ते बी दानच?”

“आमची गोष्ट वेगळी. आम्ही शेजारी.”

“भिकुबाई बी शेजारीनच. भितीच्या पल्याडची.”

“ती गरीब आहे, अक्का. आणि रांग लावली म्हणजे शिस्त राहते.”

“रांग रेशनले लावा. वानोया घरी जातो.” मग त्या सर्वांकडे वळल्या. “गरीब म्हनता, पन भिकुबाईच्या घरून माही टोपली कधी रिकामी फिरली नही. कधी चिंचा, कधी मूठभर ज्वारी. काहीच नसलं त कढीपत्त्याची डहाळी. वानोयाची टोपली रिकामी देत नही, हे तिले समजतं. बंगल्यांतून सहा वर्सं झाले, माह्या टोपल्या रिकाम्या येता. आता तुम्हीच सांगा, दान कोन्ही घेतलं?”

रिकाम्या टोपल्या परत करणाऱ्यांत आमचेही घर होते.

“म्हणजे नळ नको?” रतिलालभाऊंचा आवाज चढला होता.

“रांगेसंगे येत असीन त नको. माहे हात हाये, बादली हाये.”

“मग शेडचाच ठराव मांडतो. लिहून घ्या, चिटणीस.”

मी सूचकाचे नाव लिहिले आणि अनुमोदक कोण, असे विचारले. नियमाप्रमाणे तीन वेळा विचारले. बाकीचे सभासद सतरंजीचे रेघारेघांचे काम न्याहाळत होते. अनुमोदकाअभावी ठराव बारगळला, असे मी इतिवृत्तात नोंदवले. मसुद्यातील ‘दान’ हा शब्द खोडून वर ‘वानोळा’ लिहिले आणि समासात सही केली. वच्छलाबाई तोवर निघून गेल्या होत्या. वाफ्यांना पाणी द्यावयाचे राहिले होते.

त्या प्रजासत्ताक दिनी ध्वजवंदन झाले, रांग लागली नाही. पुढे काही बंगल्यांतून टोपलीत तांदूळ, लिंबे येऊ लागली. रतिलालभाऊंच्या घरून टोपली रिकामीच येत राहिली आणि वच्छलाबाई दर रविवारी ती भरून पाठवत राहिल्या. तिच्यात वांगी घालताना त्या मुद्दाम मोठी निवडत, असे लताबाई सांगतात.

त्यांच्या निधनानंतर वाफे लताबाई आणि भिकुबाई मिळून पाहतात. १९९७ च्या वार्षिक सभेत ती जागा कायमची भाजीपाल्यासाठी राखून ठेवण्याचा ठराव संमत झाला. अनुमोदनास नऊ हात वर झाले, वस्तुतः एक पुरेसा होता. नळ मात्र संस्थेने अद्याप दिलेला नाही. विनाअट नळजोडणीचा अर्ज लताबाईंनी दोनदा केला, दोन्ही माझ्याच हस्ताक्षरात आहेत, आणि तिसरा मी काल दिला.