पंचफुलाची कलेक्टरीण

आमच्या गल्लीत दोघीच कोणाले भेत नाहीत. एक मी, अन् दुसरी पंचफुलाची मांजर. कोणाच्याही घरात पुसल्याशिवाय शिरते, दुधाचं गंज-पातेलं तपासते, अन् मिशा पुसत निघून जाते. म्हणून मीच तिचं नाव ठेवलं, कलेक्टरीण.

पंचफुला माझी शेजारीण. वणीच्या ट्रकरोडवर चहा-भज्याची टपरी चालवते. नवरा लवकर गेला, त्याच कढईवर तिनं पोराले मोठं केलं. पोरगा राजदीप आता कोळशाचा ट्रक चालवते. बाई इतकी कमी बोलते का हसली तरी वाटे, उसनं हसून राह्यली. मी चिडवो, ती ऐके, असा आमचा दोघींचा संसार.

दिवाळीनंतर कलेक्टरिणीच्या कानामागं रुपयाएवढी गोल जागा उघडी पडली. केस गेलेले, वर पांढरा कोंडा.

मी म्हणलं, "काय व पंचफुले, मॅडमले टक्कल पडून राह्यलं. कामाचा ताण असन."

"बोक्यासंगं भांडली असन," ती म्हणे. अन् मांजर पदराखाली घेतली.

आमच्याकडे जनावराच्या कातडीले काही झालं का औषध एकच, ट्रकचं जळालेलं ऑइल. बैलाले खरूज, कुत्र्याले लूत, लावा ऑइल. गॅरेजवाला डबडं भरून देते. पंचफुलानंही तेच केलं, अन् मीच म्हणलं, दाबून लाव. पण बैल काही आपली पाठ चाटत बसत नाही. मांजराले तं दिवसभर तोच धंदा. कलेक्टरिणीनं सगळं ऑइल चाटलं. तोंडातून लाळ गळे, खाणं सुटलं, सिलिंडरमागं जाऊन बसली ते बसलीच. चट्टा मात्र कपाळावर आला, पंजावर आला.

मंग एका सकाळी पंचफुलाच्या नातीच्या, खुशीच्या मानेवर तसंच लाल कडं दिसलं. पोरगी मांजर कुशीत घेऊनच झोपे.

सून दीपानं सरळ सांगतलं, "आई, आता मांजर घरात नको." तिचं तरी काय चुकलं? पोरीची माय ती.

राजदीप म्हणे, "माय, आज संध्याकाळी चंद्रपूरची ट्रीप हाय. पोत्यात घालून नेतो. धाब्यापाशी सोडून देईन, खायले तं भेटन तिले."

थोड्या वेळानं पंचफुला माझ्या दारात उभी, हातात टोपली, वरून फडकं बांधलेलं.

"चाल. जनावराच्या दवाखान्यात."

"कलेक्टरीण दौऱ्यावर निघाली का?" मी म्हणलं. मंग तिचं तोंड पाह्यलं अन् चप्पल घातली.

दवाखान्यात बकऱ्या, एक म्हैस, अन् आम्ही. डॉक्टर सुरभी मॅडम, तरणी पोरगी. तिनं फडकं सोडलं अन् आधी वासच घेतला.

"ऑइल कोणी लावलं?"

मी छताकडे पाह्यलं. पंचफुला म्हणे, "म्या."

"मावशी, हे पोटात गेलं तर मांजर मरते. औषध नाही, विष आहे हे."

मॅडमनं अन् शिपायानं साबणाच्या पाण्यानं मांजर धुतली, पुसली, सुई दिली. मंग दार लावलं, लाइट बंद केला अन् एक जांभळा दिवा मांजरीवर धरला. चट्ट्याच्या कडेले केस मुळाशी पोपटी चमकले. "दरवेळी चमकतातच असं नाही," मॅडम म्हणाली, अन् तिथले केस उपटून दुर्बिणीखाली पाह्यले. "गजकर्ण आहे. बुरशी असते ही. बरी होते, पण वेळ लागतो. पोटातून औषध, वरून औषधाच्या पाण्यानं अंघोळ. चट्टा गेला म्हणून मध्येच थांबवायचं नाही. तोवर मांजर एका खोलीत वेगळी ठेवा. चादरी गरम पाण्यात धुवा, पडलेले केस रोज ओल्या फडक्यानं पुसा. घरात अजून कोणाला झालंय?"

"नातीले," मी म्हणलं.

पंचफुला खाली पाहून राह्यली होती. मंग हळूच म्हणे, "त्या दादाले बाहेर पाठवा." शिपाई बाहेर गेला. तिनं कमरेवरचं लुगडं सैल केलं.

कमरेभोवती कड्यात कडं. खाजवून खाजवून कातडी काळी पडलेली.

"कधीपासून?"

"पावसाळ्याआधीपासून." मंग तिनं पुसलं, "बाई, यानं बोटं तं गळत नाही ना?"

मॅडम स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. "नाही मावशी. हा महारोग नाही. अन् तोही आता गोळ्यांनी बरा होतो. मांजरीनं तुम्हाला दिलं की तुम्ही तिला, ते मी सांगू शकत नाही. पण घरातल्या एकीनं लपवलं तर बाकीच्यांना परत परत होईल. तुम्ही अन् नात, उद्याच चामडीच्या डॉक्टरकडे जा. मेडिकलमधून मनानं ट्यूब घेऊ नका."

परत येताना ऑटोत ती बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा इतकं. तिचं माहेर झरी जामणीकडचं, जंगलातलं. तिच्या मायच्या हातावर चट्टे आले, चटका लागला तरी समजेना. गावानं बैठक घेतली. बापानं नाल्यापलीकडं तिले झोपडी टाकून देली.

"मी भाकर नाल्यातल्या गोट्यावर ठेवो, हाक मारो अन् पळो. माय म्हने, थांब व जराशी. मी नाही थांबो. ते कवा मेली, कोनाले समजलंबी नाही." टोपलीवर हात ठेवून म्हणे, "आता ह्या मुकीले कसं काढू?"

मले बोलता येते हे अख्ख्या वणीले माहीत हाय. त्या ऑटोत मी नुसती टोपली माझ्या मांडीवर घेतली.

घरी राजदीप अंगणात पोतं झटकून राह्यला होता. पंचफुलानं टोपली खाली ठेवली.

"राजदीप, दीपा, ऐका. जे हिले हाय तेच मलेबी हाय, कवाचं. बाहेर काढाचं असन तं दोघीले काढा. एकटीले नाही."

राजदीपनं तोंड फिरवलं. दीपा जवळ आली, सासूचं लुगडं बाजूले करून तिनं पाह्यलं.

"आई, इतकं? मले काहून नाही सांगतलं?"

"तू बाहेर काढशीन म्हनून."

"पोरीची माय हाय मी. कसाई नाही!" दीपा चिडली, अन् चिडता चिडता रडाले लागली. मंग राजदीपनं पोतं खांद्यावर टाकलं, मागच्या खोलीतली लाकडं त्यात भरभरून बाहेर काढली. खिडकीले जाळी ठोकली. ट्रक त्या दिवशी उशिरा निघाला.

दुसऱ्या दिवशी आजी-नात चामडीच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. संध्याकाळी मी साखर मागाले गेली, खरं म्हणजे डोकावाले गेली. मागच्या दाराशी पंचफुला भिंतीले हात टेकून पाठमोरी उभी होती. पाठीकडं तिचा हात पुरत नव्हता. दीपा बोटानं मलम लावून राह्यली होती.

"लागन व तुले. लवकर हात धू."

"धुते ना. हालू नका तुम्ही."

पंचफुलानं कपाळ भिंतीले टेकवलं. मी साखर न घेताच मागं वळली. तेवढ्यात बंद खोलीतून कलेक्टरीण ओरडली, दारावर पंजे घासत. ऑइल चाटल्यापासून पहिल्यांदा ती खायले मागून राह्यली होती.